सहाच्या आकड्यापाशी अडलेला टाक

मी एक जुना टाक आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने उतावळा. एका सुताराने सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून माझी दांडी तासली, नीब बाजारातून आली आणि मी तळोद्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. कंपाउंडर रमजानभाई माझे धनी. मृत्यूंच्या वहीत ते माझ्याकडून भराभर लिहून घेत. पटकी, हगवण, ताप. बहुतेक तापच. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा अक्षराला शाबासकी दिली, तेव्हा मी हुरळून गेलो होतो.

मग १९३१ साली वरून नवी छापील यादी आली. प्रत्येक आजाराला वेगळा आकडा. नुसता ताप लिहून आता भागणार नव्हते. "मेलेल्या माणसालाही नंबर देणं आलं," रमजानभाई कुरकुरले. एकेका नोंदीसाठी ते यादीवर बोट फिरवत बसत आणि मी हवेत लटकून राही. माझ्या जिवाची नुसती तगमग होई.

चैत्रात एके सकाळी गजराबाई आली. सून चार दिवसांत गेली होती.

"कसामुळे गई?"

"ताप व्हता, दादा."

मला घाई झाली होती. पण रमजानभाई थांबले. गजराबाईच्या पदराला कडुनिंबाचा डहाळा बांधला होता. देवीचा रोग घरात शिरला की बायका देवीसाठी कडुनिंब जवळ ठेवतात आणि तिचे नाव मात्र तोंडातून काढत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. देवीचे मृत्यू वहीत दिसतील त्याच गावी देवी काढणारा लस टोचायला जाणार, असा हुकूमही होता.

"घरमा आखो कोन शे?"

"तीन वरीसनी नात. दादा, तिनं नाव लेवानं नई. ती कोपी तं पोरलेबी लई जाई."

मी निबेवर शाईचा थेंब धरून होतो. नाव घेतले तर देवी कोपणार, न घेतले तर टोचणारा येणार नाही. मला क्षणभर वहीतून उठून पळावेसे वाटले.

रमजानभाईंनी यादी तिच्यापुढे सरकवली. "नाव मीबी लेत नई, बहीन. इठे नुसता आकडा शे. तुन्हा घरमा जी उनी, तिना आकडा सहा. सहा लिखू का?"

गजराबाईने त्या आकड्यावर बोट ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मग म्हणाली, "लिखा. सहा."

मी सहा लिहिला. इतक्या हळू मी आयुष्यात कधी लिहिले नव्हते.

आठवड्याने देवी काढणारा तिच्या गावी गेला. नात वाचली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गजराबाई तिला कडेवर घेऊन आली, आणि तिच्यामागे गल्लीतल्या पाच बायका. पाचही जणींची माणसे माझ्याच सुरेख अक्षरात तापाने गेली होती. सर्वांत म्हातारी भिकुबाई पुढे झाली.

"दादा, मन्हा धाकलानं बी सहाच व्हतं. पन कोनी पुसंच नई."

मित्रांनो, माझी नीब आता झिजली आहे. तुमच्या हातातला टाक नवा असेल, अक्षर माझ्याहून देखणे असेल. लिहिण्याआधी एकदा विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.