आजोबांनी चप्पल खाल्ली

अठरा वर्षं मी वर्गशिक्षिका होते. मग शाळेने मला वाचन-मार्गदर्शक केलं आणि माझा स्वतःचा वर्ग गेला. आता मी पहिली ते चौथीच्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसते, शिक्षक वाचन कसं शिकवतात ते बघते, दोन गोष्टी सुचवते. जी मुलं अडतात त्यांना एकेकटं माझ्या खोलीत घेऊन बसते. खोली म्हणजे जिन्याखालची, पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची. मुलं मला वाचनबाई म्हणतात. हजेरीपटावर मात्र एकही मूल माझं नाही.

दुसरीत एक मुलगी होती. खडूचे तुकडे, खोडरबर, पेन्सिलींची टोकं, मिळेल ते खिशात साठवायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. एरवी तोंडाचा पट्टा सुरू, पण पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. घ आणि ध तिला जुळ्या बहिणींसारखे वाटायचे. चार महिने मी तिच्यामागे होते. वाळूत गिरवून घेतलं, ध च्या डोक्यावरची गाठ तिच्या बोटाने फिरवून घेतली. हळूहळू ती अक्षरावर बरोबर बोट ठेवायला लागली, पण आवाज काही फुटेना.

सहामाहीनंतर त्या वर्गावर नव्या बाई आल्या. वय असेल चोविसेक. आठवड्याभराने मी त्यांचा पाचवा तास बघायला गेले. तो त्यांचा गोष्टीचा तास. बाई पुस्तक धरून मोठ्याने वाचत होत्या, "आजोबांनी चप्पल खाल्ली."

वर्ग खदखदून हसला. बाई चेहरा गंभीर ठेवून म्हणाल्या, "काय झालं? असंच लिहिलंय." आणि पुस्तक मुलांकडे फिरवलं.

खारूताई बाकावर उभी राहिली. "खाल्ली नाही, घातली! घ आहे तो, घ! आजोबांनी चप्पल घातली!"

पूर्ण वाक्य. मोठ्याने. आणि मग पुढचंही वाचलं तिने.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला का? तळपायाची आग मस्तकात गेली. मशागत माझी आणि पीक हिच्या दारात! पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या बाईंसाठी. तास संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या, डोळे चमकत होते. "ताई, बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हणाले. "पण मुलांसमोर चुकीचं वाचणं बरं नव्हे."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मुलगी वाचायला लागली ना? मग झालं की."

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले, आणि मला काय झालंय ते मला चांगलंच कळत होतं.

वेळापत्रक माझ्या हातात होतं. मी खारूताईचा माझ्याकडचा तास पाचवा केला, म्हणजे नेमका गोष्टीचा. निरीक्षणाच्या कागदावर लिहिलं, 'शिक्षिका अशुद्ध वाचन करतात. मुलांच्या मनात गोंधळ होण्याची शक्यता.' आणि तो कागद मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवून आले. खोटं म्हणावं तर एकही शब्द खोटा नव्हता.

नव्या बाई एकदा विचारायला आल्या, "ताई, तिला पाचव्याऐवजी तिसऱ्या तासाला न्याल का? गोष्टीला ती हवी असते हो."

"वेळापत्रक ठरलेलं आहे."

जिन्याखालच्या खोलीत खारूताई माझ्यासमोर बसायची. भिंतीपलीकडच्या दुसरीच्या वर्गातून हसण्याचा आवाज यायचा आणि तिची मान तिकडे वळायची. मी कार्ड पुढे सरकवायची, ती बोट ठेवायची. ओठ पुन्हा बंद. मग एके दिवशी भिंतीतून हसणंही यायचं थांबलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिने कार्डावरचं बोट उचललं आणि विचारलं, "वाचनबाई, तुम्ही आमच्या बाईंना रागावलात?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण बाई आता एकदम बरोबर वाचतात."

सात वर्षांच्या पोरीने माझी चोरी पकडली होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी दुसरीच्या वर्गात गेले. नव्या बाई एकट्याच वह्या तपासत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: तास मुद्दाम बदलला, कागद मुद्दाम लिहिला, कारण मी जळत होते.

त्यांनी वही मिटली. "मोठ्या बाईंनी बोलावून झापलं मला. मला वाटलं, खरंच मला येत नाही. रोज रात्री आरशासमोर धडा वाचून येत होते मी." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "तुमच्याकडून शिकायचं म्हणून मी त्या दिवशी तास संपल्यावर तुमच्याकडे आले होते, ताई."

"चुकलं माझं."

"हो, चुकलंच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वही उघडली.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे हा कागद मागे घ्यायचा? कारण काय लिहू?"

"मत्सर लिहा."

त्यांनी ते लिहिलं नाही, पण वर्षअखेरपर्यंत दुसरीचं निरीक्षण माझ्याकडून काढून घेतलं. ते योग्यच होतं. खारूताईला मी तिसऱ्या तासाला घ्यायला लागले. पाचव्या तासाला भिंतीपलीकडे पुन्हा दंगा सुरू झाला.

वर्षाच्या शेवटी पालक आले तेव्हा तिने अख्खं पान वाचून दाखवलं, मध्ये दोनदा अडखळत. तिच्या आईने नव्या बाईंचे दोन्ही हात धरले. मी दाराशी उभी होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पोटात तीच जुनी आग, थोडी कमी. मनाशी म्हटलं, ही काही पूर्ण विझायची नाही. हिच्यावर डोळा ठेवूनच नोकरी करायची.

गर्दी पांगल्यावर नव्या बाई खुर्च्या रचत होत्या. मी दोन उचलून दिल्या. इतके महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

"एक मुलगी आहे," मागे न वळताच त्या म्हणाल्या. "वाचताना अख्खी ओळ गाळून पुढे जाते. मला कारण सापडत नाहीये. बघाल?"

"उद्या पाठवा," मी म्हणाले. "नाहीतर राहू द्या, मीच येते. तुम्ही वाचन कसं घेता तेही बघीन."