आजोबांच्या मनगटाला साजेसं

"काका, आळशी माणसाच्या हातावर हे घड्याळही झोपतं का?"

असं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने भर दुकानात खणखणीत आवाजात विचारलं. मागे दोघी तोंड दाबून हसत होत्या. दुकानदारकाकांनी मात्र तिच्या खिशाला परवडणारी दोन ऑटोमॅटिक घड्याळं, एक काळं नि एक पांढरं, गंभीरपणे पुढे ठेवली. "झोपतं की! हात हलला तरच चालतं. या काळ्याला निदान चावी देता येते. पांढऱ्याला तीही सोय नाही."

घड्याळ आजोबांसाठी होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. फिरायला जा म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, पण आजोबा खुर्ची सोडत नव्हते. जन्मभर कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजवलेला माणूस! घरातलं घड्याळ बंद पडलं तर आजही त्यांना घास गोड लागत नसे.

घरी आई म्हणाली, "चावीचंच घेऊ गं. बसल्या जागी देतील चावी."

"म्हणूनच ते नको!" ती टुणकन उठली. "पांढरंच घ्यायचं. ते बंद पडू नये म्हणून तरी आजोबा उठतील."

"खुर्चीत बसून हात हलवतील की," बाबा हसले.

"हलवू देत! रोज संध्याकाळी मी त्यांना फिरायला नेणार. आईबाबा, ठरलं म्हणजे ठरलं!"