उजव्या गुडघ्याची चोरी

मी एक जुना कॅमेरा आहे, पण मित्रांनो, माझ्यापुढे दात काढून उभे राहू नका. मला चेहरे दिसतच नाहीत. कारखान्यात माझं भिंग तीनदा नापास झालं, चौथ्यांदा पास, म्हणून मी जरा चिडकाही आहे. हाडांच्या दवाखान्यातल्या एका लांब खोलीत आम्ही आठ भावंडं छताखाली बसवलेली. पेशंटच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना बोराएवढे चमकते गोळे चिकटवतात आणि त्याला चालायला सांगतात. आम्ही सेकंदाला शंभरदा ते गोळे टिपतो. कुठला सांधा किती वाकला, ते कॉम्प्युटर सांगतो.

एकदा नऊ वर्षांची एक मुलगी आली. डाव्या पायाच्या चवड्यावर, टाच उचलून चालायची. मोठ्या डॉक्टरांचा निकाल आधीच लागला होता: डाव्या टाचेमागची नस आखडली आहे, ऑपरेशन करून सैल करायची. आमची तपासणी फक्त फाइलला जोडायला.

सोबत तिचे शिंपी आजोबा. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "नीट चाल गं. एवढे कॅमेरे लागलेत, घराची अब्रू जाईल."

पोरीने दात आवळून टाच टेकवली आणि मुंगीच्या पावलांनी सहा फेऱ्या मारल्या. कॉम्प्युटरवर जवळजवळ निरोगी चाल उमटली.

"बघा, तुमच्या यंत्राला काही सापडत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "उद्या टाच करून टाकू."

व्यायाम देणाऱ्या बाई तोंडाने फटकळ. "तिने दाखवलं तेच यंत्राने दाखवलं, सर. धाक घातल्यावर लंगडेल कोण? आजोबा, तुम्ही बाहेर बसा. अब्रू मी सांभाळते." मग पोरीला म्हणाल्या, "झालं गं तुझं. ती पलीकडची पाण्याची बाटली तेवढी आण."

गोळे अंगावर तसेच होते. आम्ही चालूच होतो. पोरगी निघाली ती तिच्या स्वतःच्या चालीने, आणि मी नुसता थरारलो. उजवा गुडघा धड वाकतच नव्हता! मुंगीच्या पावलांत ते लपून गेलं होतं. तो पाय काठीसारखा ताठ, पंजा जमिनीला अडकायचा. तो सुटावा म्हणून डावा पाय चवड्यावर उभा राहून सगळं अंग वर उचलायचा. डावी टाच धडधाकट होती. दुसऱ्याचं ओझं वाहत होती आणि सुरी तिच्यावरच चालणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मोठ्या डॉक्टरांनी आलेख तीनदा बघितला. "टाच रद्द," ते पुटपुटले. "उजवी मांडी बघू."

"मोठ्याने सांगा, आजोबा बाहेर आहेत," बाई म्हणाल्या.

उजव्या मांडीचा आखडलेला स्नायू सोडवला. पुढे पाच महिने बाईंनी पोरीचा घाम काढला. ती परत आली तेव्हा जेमतेम तीस अंश वाकणारा गुडघा साठ अंशांवर गेला होता. टाच, पंजा, टाच, पंजा. मित्रांनो, आम्ही आठही जण डोळे फाडून बघत होतो. मग आमच्या खोलीचं नाव झालं, पाहुणे आले, हार आले, माझेच फोटो निघाले.

आता बाई दुसरीकडे गेल्या. रोज सकाळी आमच्यापुढे मापाची कांडी फिरवून आमची नजर जुळवावी लागते. कोणी फिरवत नाही. झाडूचा दांडा लागून मी तिरका झालो, तरी म्हणतात, "चालतंय की." नाही चालत. मला बंद केलंत तर मी ब्र काढणार नाही. पण चालू ठेवणार असाल तर शिडी आणा, मला सरळ करा, कांडी फिरवा. माझी नजर दोन बोटं चुकली, तर कुणाचा तरी चांगला पाय कापला जाईल, आणि पुरावा म्हणून माझाच आलेख दाखवतील.