वाघीण घाबरली होती

मित्रांनो, गॅरेजच्या फळीवर, ग्रीसच्या डब्याआड जी धूळ खात पडली आहे ती मी. मी बॅटरीवर चालणारी, चाकांचे नट खोलणारी एक जुनी गन आहे. नावाला गन, स्वभावाने ससा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिल्यांदा खटका दाबला गेला तेव्हा माझ्या पोटातला हातोडा असा धडधडला, की मी हादरलेच. तपासणारा म्हणाला, "आवाज छान आहे." मित्रांनो, तो आवाज नव्हता. ती किंकाळी होती.

पुढे मी एका मिस्त्रींच्या हाती आले. वर्षानुवर्षे गंजलेला नट मी क्षणात सोडवला, तेव्हा त्यांनी मला थोपटले आणि म्हणाले, "वाघीण आहे ही!" त्यांचा गैरसमज दूर करण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते.

मिस्त्री कामाला चोख. नट आधी बोटांनी फिरवून आट्यांवर नीट बसवायचे, मग मला लावायचे आणि शेवटचे आवळणे मापाच्या पान्याने, हाताने. ते योग्यच होते. भेदरलेल्याला थांबायचे कुठे, हे कळत नाही. मी तर बोल्टच पिळून तोडला असता. माझ्या तोंडातला, नट धरणारा सॉकेट बदलताना ते आधी बॅटरी काढत. सॉकेटही जाड, काळा, माझ्यासाठीच बनलेला. एकदा घाईत त्यांनी हातपान्याचा चकचकीत सॉकेट मला लावला. तो फुटला. तुकडा त्यांच्या कानाजवळून सणसणत गेला आणि भिंतीवरच्या घड्याळात घुसला. घड्याळ तेव्हापासून बंद आहे. ते त्यांनी बदलले नाही, डोळ्यांसाठी चष्मा मात्र घेतला.

मग तो दिवस आला. मिस्त्रींची थोरली बहीण पाव पोचवायची व्हॅन चालवते. तिचे पंक्चर झालेले चाक बदलायचे होते आणि पुढच्या सीटवर बसून त्यांची आई तिच्याबरोबर घाट उतरून जाणार होती. आई तोवर खुर्चीवर बसून चष्म्यातून दोघांवर लक्ष ठेवत होती.

"आटप रे," ताई म्हणाली. "पाव शिळे झाले तर तुलाच खायला घालीन."

"ताई, तू बोलतेस म्हणून उशीर होतोय."

"मी लहानपणापासून बोलतेय. तू तेव्हाही हळूच होतास."

मिस्त्री चिडले. चार नट लागले होते. पाचवा त्यांनी बोटांनी बसवलाच नाही. थेट माझ्या तोंडात ठेवला, बोल्टवर टेकवला आणि खटका दाबला.

नट तिरका चढला. मला लगेच कळले. तो चाकाला टेकायच्या आधीच माझा हातोडा टकटकू लागला. एरवी हातोडा नट टेकल्यावरच आपटतो. मी सगळे अंग हलवून सांगत होते, "थांबा हो, तिरका जातोय!" पण थरथरणे हाच माझा धंदा, कोणाला वेगळे काय वाटणार? मला घाट दिसू लागला. आईचा चष्मा दिसू लागला. भीतीने माझे हातपाय गार पडले असते, पण मला हातपाय नाहीत.

आणि मी बेशुद्ध पडले.

"मेली बॅटरी," मिस्त्री म्हणाले. "रात्री चार्जिंगला लावायची राहिली." नाइलाजाने त्यांनी हातपाना घेतला. जेमतेम हलवला आणि त्यांचा चेहरा उतरला. जो नट अजून बोटाने फिरायला हवा होता, तो दगड झाला होता.

त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, तिरका चढलाय. आटे गेले. बोल्ट बदलावा लागेल. आणि बाकीचे नटही मी पुन्हा हाताने बघतो."

ताईने आईकडे पाहिले. आवाज एकदम खाली आला. "बघ बाबा सावकाश. चाक पुढे आणि आम्ही मागे, अशी वरात नको."

"पाव खाते मी तोवर," आई म्हणाली.

आता माझ्या जागी नवी गन आहे. दिवा लागतो तिला. तिरका नट असो की सरळ, ती बिनधास्त ओरडते. मला तिचीच फार भीती वाटते.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. नट आधी बोटांनी बसवा, शेवट हाताने आवळा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. यंत्राला थोडे भ्यायलाच हवे. मी होते तोवर तुमच्या वाटचे मी भीत होते. आता ते काम तुम्हालाच करावे लागेल.

आणि हो, मिस्त्री अजूनही बॅटरी संपली होती म्हणतात. म्हणू देत.