लेम्पीची मऊ काडतुसं

गॉर्डीने काडतुसांच्या डब्या काउंटरवर मांडल्या आणि त्याचं तोंड सुरू झालं. "ही घे. सगळ्यांत वेगवान. हरीण जागच्या जागी बसेल बघ."

"हरीण बसेल रे, पण पोरगीही बसेल त्याचं काय?" रेनो म्हणाला. "बारा वर्षांची आहे. रायफल लेम्पीची, वजनाला काही नाही. हलकी रायफल खांद्याला किती लाथ मारते ते तुला मी सांगू?"

"मग ही घे, जरा नरम आहे. आणि फार लाड नकोत हं म्हाताऱ्या! आपल्याला कुणी विचारलं होतं का, मऊ हवं की कडक?"

रेनोने ती डबी खिशात टाकली. याहून चांगलं काडतूस घरी कपाटात पडलंय, हे त्याला दुकानात शिरायच्या आधीच ठाऊक होतं. पण त्या कपाटाकडे त्याला जायचंच नव्हतं.

लेम्पी त्याची बायको. जाऊन चार वर्षं झाली. काडतुसं ती घरीच भरायची. तळघरात रेडिओ लावून बसायची, झाडलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून लख्ख करायची आणि दारू तोलून पुन्हा भरायची. नवशिक्या पोरांसाठी वेगळी भरायची, त्यांत दारू कमी, म्हणून धक्काही कमी. गावातली निम्मी पोरं तिच्या काडतुसांवर शिकली, आणि आता त्यांच्यापैकी एकही रेनोच्या दारात फिरकत नाही. असो. तिने शेवटची भरलेली अर्धी डबी त्याने मोज्यांच्या खणात ठेवली होती. झाकणावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मऊ'. कधीमधी तो ती उघडायचा, बघायचा, बंद करायचा.

आणि आता ही टिल्डा, मुलाची मुलगी. मुलगा डेल मोठ्या पुलापलीकडे, दक्षिणेत शहरात राहतो. बंदुकीला हात लावत नाही. तर या पोरीने आपण होऊन फोन केला. "उक्की, मला हरणाची शिकार शिकव ना." उक्की म्हणजे आजोबा, इथल्या सगळ्या फिनिश घरांत तसंच म्हणतात. रेनो लगेच हो म्हणाला. कॅम्पवर त्याच्याबरोबर यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं हो!

कॅम्प म्हणजे जंगलातली लाकडी खोली. भिंतीला धरून बाकडी, मधे शेगडी. एकेकाळी त्या बाकड्यांवर जागेसाठी भांडणं व्हायची. आता एकावर रेनो आणि बाकीच्यांवर सरपण. समोरच्या भिंतीवर मात्र सगळे हजर. हरणावर गोळी झाडली आणि चुकली, की त्या माणसाच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव नि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं, हा कॅम्पचा कायदा. सूट कुणालाच नाही. सदरेवाले एकेक करून कबरस्तानात गेले, टोकं तेवढी राहिली. लेम्पीचं निळं चौकड्यांचं टोकही होतं, एकच. रेनोचं एकही नव्हतं, आणि ही फुशारकी त्याने जन्मभर सगळ्यांना ऐकवली. आता ऐकायला कुणी नव्हतं, तरी सवयीने टोकांकडे बघून छाती पुढे यायचीच.

डेल टिल्डाला आणून सोडून गेला. मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रेनो तिला खडीच्या खाणीवर घेऊन गेला. खोक्यावर कागदाची ताटली लावली, मधे काळा ठिपका. आधी त्याने स्वतः गॉर्डीची काडतुसं झाडून रायफलीवरची दुर्बीण नेमाला बसवली. मग पोरीला दिली.

पहिली गोळी ताटलीवर लागली. "बरं आहे," टिल्डा म्हणाली आणि खांदा चोळायला लागली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसऱ्या वेळी रेनोने ताटलीकडे बघितलंच नाही, पोरीकडे बघितलं. चाप ओढायच्या आधीच तिने डोळे गच्च मिटले होते.

झालं! ही सवय एकदा लागली की जन्मात जात नाही. रेनोने रायफल काढून घेतली.

"मला जमणार नाही ना, उक्की?"

"गप गं. तुला न जमायला काय झालं? काडतूस कडक आहे."

घरी येऊन त्याने मोज्यांचा खण उघडला. डबी हातात घेऊन पलंगावर बसला. हे बघा, इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की काडतूस बदललं तर नेम पुन्हा कागदावर मारून बघायचा. दारू कमी म्हणजे गोळी खाली पडणार. रेनोला हे ठाऊक नव्हतं? पण लेम्पीने भरलेलं काडतूस आणि ते कागदाच्या ताटलीवर झाडायचं? आणि एकाने भागत नाही, चार-पाच लागतात. त्याचा जीवच होईना. एवढासा काय फरक पडणार, असं म्हणून त्याने डबी कोटाच्या खिशात घातली. फरक पडणार हे त्याला आतून माहीत होतं.

पहाटे दोघं दलदलीच्या काठावर मचाणावर जाऊन बसले. थर्मासमधली कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. रेनोने मऊ काडतूस पोरीच्या तळहातावर ठेवलं.

"तुझ्या मुम्मूने भरलेलं आहे. लाथ मारणार नाही."

"खरंच आज्जीने?" टिल्डाने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि जपून रायफलीत सरकवलं.

उजाडलं आणि पलीकडच्या काठावर एक नर बाहेर आला. चांगला भरलेला, शिंगं कानांच्या बाहेर गेलेली. थांबला, आडवा उभा राहिला. "श्वास सोड," रेनो कुजबुजला. "घाई नाही." तो पोरीचे डोळे बघत होता. उघडे होते, अगदी शेवटपर्यंत उघडे.

गोळी सुटली. नराच्या पायांमधला बर्फ उडाला, बरोबर खांद्याच्या रेषेत, पण पोटाच्या खाली. शेपटी वर करून तो झाडीत गेला.

पलीकडे जाऊन त्यांनी बर्फ तपासला. रक्त नाही, केस नाही, गोळीने काढलेला एक चर तेवढा होता. नेम सुतासारखा सरळ होता. रेनोला तेव्हाच सगळं कळलं, आणि तो म्हणाला काय, तर "चालायचंच. होतं असं."

कॅम्पवर परत आल्यावर टिल्डाने जाकीट काढलं, खुंटीवरची कात्री घेतली, रेनोच्या हातात दिली आणि पाठ करून उभी राहिली. "काप," ती म्हणाली. "आणि मग बाबांना फोन कर. मला घरी जायचंय."

कात्री हातात धरून रेनो उभा. समोर तिची इवलीशी पाठ. एक टोक कापलं की प्रकरण मिटणार होतं; कुणाला काही कळलं नसतं, त्याची फुशारकी शाबूत राहिली असती. आणि पोरगी गेली असती ती परत या पुलावरून आली नसती. मग ही भिंत आणि तो, दोघंच.

"वळ इकडे," तो म्हणाला. "तू चुकली नाहीस. मी चुकलो."

"उगाच समजूत काढू नकोस हं!"

"समजूत कुठली, टिल्डा! दुर्बीण मी दुकानच्या काडतुसांवर बसवली आणि तुझ्या हातात दिली ही मऊ. कागदावर मारून बघायला हवं होतं. मारलं नाही, कारण मला ती संपवायची नव्हती. तिच्या हातचं एवढंच राहिलंय गं माझ्याकडे." त्याने सदरा पँटमधून उपसला आणि तिच्याकडे पाठ केली. "काप. आणि नाव नीट लिही, मोठ्या अक्षरात."

टिल्डाने त्याच्या हातातली कात्री घेतली. मग कात्रीचा आवाज आला. तिने खूपच वर कापलं, पाठीला गार वारा लागला. "अगं, सगळा सदरा नेतेस की काय?" रेनो ओरडला, आणि ती नाक ओढत हसली. टोक तिने लेम्पीच्या टोकाशेजारी ठोकलं.

दुपारी खाणीवर मऊ काडतुसं कागदावर झाडली. पहिल्या तिन्ही गोळ्या ताटलीच्या खालच्या कडेला, एकमेकींना चिकटून. रेनो प्रत्येक आवाजाबरोबर दचकत होता, टिल्डा नाही. दुर्बीण फिरवली. पुढची ठिपक्यात.

हरीण पुन्हा दिसलं नाही. डेल आला, पोरीची बॅग गाडीत गेली. डबीत उरलेली दोन काडतुसं टिल्डाने रेनोला परत दिली. मग खिशातून झाडलेल्या पुंगळ्या काढल्या, सगळ्याच्या सगळ्या, खाणीतून वेचलेल्या.

"मुम्मू परत भरायची ना? पुढच्या वर्षी लागतील मला. भरून ठेवशील?"

"ठेवतो की," रेनो म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. ठेवतो म्हणाला, पण त्याला येत कुठे होतं? इतक्या वर्षांच्या संसारात खाली रेडिओ वाजायचा आणि वर तो पेपर वाचायचा. काय करतेस, कसं करतेस, एकदाही जिना उतरून विचारलं नव्हतं. आणि तिने एकदाही बोलावलं नव्हतं, की हाक मारून मारून सोडून दिलं होतं, तेही त्याला आता आठवेना.

तो तळघरात उतरला. दिवा लावला. पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि लेम्पीच्या स्टुलावर बसला. ते त्याला फारच ठेंगणं होतं, गुडघे छातीशी येत होते. त्याने हात लांबवून रेडिओ लावला. तिचंच स्टेशन लागलं.

"कुठून सुरू करायचं गं?" त्याने विचारलं, आणि पहिली पुंगळी घासायला घेतली.