बहात्तर ठोके

आमच्या ज्युनियर कॉलेजात शारीरिक शिक्षण नावाचा विषय आहे, हे मुलांना बारावीची परीक्षा तोंडावर आली की आठवतं. अकरावी-बारावी मिळून साडेचारशे मुलं आणि पीटीचा शिक्षक मी एकटा, सदानंद. मैदान आहे म्हणायचं. अर्ध्यात स्टाफच्या गाड्या लागतात, उरलेल्यात संस्थेचे मेळावे भरतात. निम्मी मुलं तर नालासोपाऱ्यातल्या क्लासांत बसलेली असतात, कॉलेजात त्यांचं नुसतं नाव. या सगळ्यांना वर्षाअखेरी श्रेणी द्यायची असते आणि ती मी देतो. तीस वर्षं पाट्या टाकल्या, खोटं कशाला बोलू?

श्रेणी द्यायची ती जर्नल बघून. त्यात एक पान नाडीचं असतं. बसल्या जागी मिनिटाला ठोके किती, तीन मिनिटं पायरी चढउतार केल्यावर किती, पाच मिनिटं विश्रांतीनंतर किती. साडेचारशे जर्नलांत उत्तर एकच: बहात्तर, एकशे वीस, ऐंशी. हे आकडे मूळचे माझे. नोकरीला लागलो त्या वर्षी नमुना म्हणून स्वतःची नाडी मोजून फळ्यावर लिहिली होती. कोणीतरी ती उतरवून घेतली, पुढच्या वर्षी तिच्या झेरॉक्स निघाल्या, आणि आता कॉलेजसमोरच्या दुकानात भरलेलं जर्नल तयार मिळतं. माझी ऐन पंचविशीतली नाडी वसईची पोरं पिढ्यानपिढ्या मिरवतात, याची मला गंमत वाटायची.

गेल्या वर्षी जानेवारीत अकरावीतल्या प्रिस्काचं जर्नल हातात आलं. ही नंदाखालची मुलगी, वडिलांची केळीची बाग, आई क्लेमेंटीन बालवाडीत शिकवते. पीटीच्या तासाला खरोखर मैदानावर येणाऱ्या पाच-सहा जणांत ही पहिली. एकदा मला म्हणाली होती, "सर, मला पीटी टीचर व्हायचंय. तुमच्यासारखं."

"का गं, दुसरं काही सुचलं नाही?" म्हणून मी हसलो होतो. पण घरी गेल्या गेल्या बायकोला सांगितलं होतं. तीस वर्षांत असं म्हणणारी ती एकटीच होती.

तिच्या पानावर आकडे होते एकशे चार, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे छप्पन्न. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे काय लिहून ठेवलंयस?"

"मोजलं सर. तीनदा मोजलं. दर वेळी तेवढेच येतात."

"मोबाइल बघत मोजलं असशील."

"नाही सर. आणि पायरीनंतर छातीत खूप वेळ धडधडतं. तेच विचारणार होते तुम्हाला..."

टेबलावर जर्नलांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी तपासणीला बाहेरचे सर येणार होते, आणि वेगळं काही दिसलं की ते प्रश्न विचारत बसतात. मी लाल पेनाने तिन्ही आकड्यांवर काट मारली, शेजारी बहात्तर, एकशे वीस, ऐंशी लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'नीट मोजा.' वर तोंडाने म्हणालो, "सराव वाढव, धडधड जाईल." तिचा हात टेबलावर माझ्यासमोर होता. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. एका मिनिटाचं काम होतं, ते मी केलं नाही.

पोरीने माझं ऐकलं. हेच मला सर्वांत जास्त डाचतं. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेशाला मैदानी चाचणी द्यावी लागते, म्हणून ती रोज सकाळी मैत्रिणीबरोबर राजोडीच्या किनाऱ्यावर धावायला लागली. बारावीत गेली तरी नेम चुकला नाही. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, हल्ली फार दम लागतो. मी म्हटलं, "लागणारच. त्याशिवाय दम वाढतो कसा?"

नाताळला आठवडा उरला असताना ती धावता धावता वाळूत कोसळली. मैत्रिणीने आरडाओरडा करून माणसं जमवली म्हणून वेळेत हॉस्पिटलात पोचली. लहानपणी येऊन गेलेल्या कसल्याशा तापाने हृदयाची एक झडप आकसली होती. छाती उघडून झडप बदलावी लागली. जीव वाचला, धावणं कायमचं संपलं.

मी भेटायला गेलो तेव्हा क्लेमेंटीनबाई वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून ते जर्नल काढलं.

"डॉक्टरांनी विचारलं, आधीची काही नोंद आहे का? आमच्याकडे एवढीच होती." त्यांनी नाडीचं पान उघडलं. माझ्या लाल रेघेखालून एकशे चार स्वच्छ वाचता येत होतं. "ते म्हणाले, वर्षभर आधी आणली असती तर कदाचित छाती उघडावी लागली नसती. मग त्यांनी विचारलं, हा शेरा कोणाचा? मी सांगितलं, आमच्या सरांचा."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी गाड्यांनी भरलेल्या मैदानाचं सांगितलं, तपासणीचं सांगितलं, साडेचारशे मुलांचं सांगितलं.

"माझी एकच आहे, सर," त्या म्हणाल्या आणि जर्नल पिशवीत ठेवून दिलं.

जानेवारीत मी कानाला खडा लावला. यंदा प्रत्येकाची नाडी स्वतः मोजायची. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. पोरं खिदळत होती, एकीने विचारलं, "सर, हात पण बघता का?" चार दिवसांत त्रेसष्ट जण झाले. पाचव्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. क्लासच्या मुलांचे पालक कुरकुर करत होते, पोरांना उगाच बोलावून घेता म्हणून. मी खुर्ची उचलली. मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

फेब्रुवारीत प्रिस्का आली. डॉक्टरांचा दाखला होता, त्यामुळे तिला मैदानावरच्या परीक्षेतून सूट होती. जर्नल मात्र सगळ्यांनाच द्यावं लागतं. चेहरा उतरलेला, ड्रेसच्या गळ्यातून टाक्यांच्या व्रणाचं टोक दिसत होतं. बारावीचं नवं जर्नल तिने सुंदर अक्षरात पूर्ण केलं होतं. नाडीचं पान तेवढं कोरं होतं.

"बस," मी म्हटलं. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "आण, मी मोजतो."

तिने टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. रागाने नाही. फॅन बंद करावा इतक्या सहज.

"राहू दे सर," ती म्हणाली. "बहात्तरच लिहा."

शेजारच्या खोलीत तपासणीचे सर चहा घेत होते आणि शिपाई जर्नलं मागायला दारात उभा होता. मी बहात्तर लिहिलं. श्रेणी दिली अ.