व्हॅनवर आगगाडीची झडप

मिलिसावने सर्बियाच्या रुळांवर जन्मभर आगगाडी चालवली, पण गावात त्याचं नाव झालं ते कोबी चिरडणारा म्हणून.

झालं ते असं. थंडीच्या तोंडावर, घरोघरी पिंपात कोबी खारवायचे दिवस. गावातला तोप्लित्सा कोबीने भरलेली व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या क्रॉसिंगवर आला आणि समोरून आला त्याचा कूम. कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार, भावाहून जवळचा. आमच्याकडे कूम वाटेत दिसला की खिडकीला खिडकी लावून त्याच्या घरच्या डुकरापर्यंत सगळ्यांची विचारपूस करायची, मागे कितीही भोंगे वाजोत. दोघांनी खिडक्या लावल्या त्या नेमक्या रुळांवर. मिलिसावने भोंगा वाजवला, ब्रेक लावले. कूमाने मोटार मागे घेतली, तोप्लित्साने उडी टाकली आणि आगगाडी थांबता थांबता व्हॅनला लागलीच. माणसाला ओरखडासुद्धा नाही. कोबी मात्र पार ओढ्यापर्यंत.

गावच्या साप्ताहिकात संपादक बोगोल्युबने मथळा दिला, ‘बेसावध व्हॅनवर आगगाडीची झडप’. जणू गाडी झुडपात दबा धरून बसली होती. पाववालीने मिलिसावला विचारलं, जरा बाजूला घ्यायला काय झालं होतं? मिलिसावला हसावं की रडावं कळेना. त्याने बोगोल्युबला खानावळीत गाठलं.

“माझी गाडी रुळांवरून जाते. झडप कुठून घालणार?”

“हलत कोण होतं? तूच ना? व्हॅन बिचारी उभी होती.”

“मग ती तिथे का उभी होती ते लिही.”

“त्यात बातमी कसली? कूमाशी सगळेच बोलतात.”

पुढच्या अंकात खुलासा आला, ‘हल्ला केल्याचा चालकाकडून इन्कार’. आगीतून फुफाट्यात. लोक आता मिलिसाव दिसला की रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले.

आणि तोंडावर आला मित्रोव्दान, त्याच्या घरच्या संताचा सण. या सणाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नसतं. मिलिसावच्या बापाच्या काळापासून या दिवशी घरात बसायला जागा नसायची. यंदा कोणी आलंच नाही तर? या विचाराने त्याची झोप उडाली होती.

सणाच्या दिवशी मेणबत्ती लागली, गव्हाचा प्रसाद मांडला. त्याच्या बायकोने, स्तामेनाने, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून भलंमोठं पातेलं रांधलं होतं. दुपार कलली तरी फाटक वाजलं नाही. समोरच्या घरांचे पडदे तेवढे हलत होते. पहिलं कोण जातं, हे जो तो बघत होता. स्तामेना पातेल्यावर झाकण ठेवून गेली. ते मिलिसावच्या फार जिव्हारी लागलं.

इतक्यात बाहेर धाडकन आवाज झाला. उसन्या व्हॅनमधून आलेल्या तोप्लित्साने फाटक आडवं केलं होतं. कोपऱ्यावरून त्याचा कूम अजून हात हलवत होता.

गल्ली लोटली. बोगोल्युब सगळ्यांच्या पुढे. फाटक अचानक उघडलं का, असं तो मिलिसावलाच विचारू लागला.

तोप्लित्सा व्हॅनमधून उतरला. काखेत दारूची बाटली, चेहरा उतरलेला.

“फाटक होतं तिथेच होतं, बोगोल्युब. मी कूमाकडे बघत होतो. त्या दिवशी रुळांवरही तेच करत होतो. हे लिही.” मग तो मिलिसावकडे वळला. “सणाला आलो होतो रे. मला वाटलं, माझ्यामुळे तुझ्याकडे कोणी यायचं नाही.”

मिलिसावने तोप्लित्साच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत नेलं आणि पहिला पेला त्याच्याच हातात दिला. मग पाववाली आडव्या फाटकावरून आत आली, तिच्यामागे पडद्यांआडचे सगळे. खुर्च्या पुरेनात. बोगोल्युबने तीन ताटं रिचवली. सणाचा पाहुणा, त्याला हाकलायचं कसं?

अंधार पडायच्या आत फाटक उभं करावं म्हणून मिलिसाव उठला. स्तामेनाने त्याला खाली बसवलं.

“राहू दे आडवं,” ती म्हणाली. “अजून लोक यायचेत.”